द्राक्षबागेतील तणांचा स्वस्त बंदोबस्त

‘तण खाई धन’ ही म्हण महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. द्राक्षबागेत मात्र ती दोन अर्थांनी खरी ठरते. तण वेलीच्या वाटणीचे पाणी व खत खाते, हा पहिला अर्थ. ते तण काढण्यासाठी जो पैसा खर्च होतो, तोही बागाईतदाराचेच धन खातो, हा दुसरा. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्ष बागाईतदाराला छाटणी, डिपिंग, विरळणी, औषध फवारणी व काढणी या कामांसाठी मोठा खर्च करावा लागतो आणि त्यातील बहुतेक कामे पुढे ढकलता येत नाहीत. अशा वेळी खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि मग घाईघाईने तणनाशकाचा पंप पाठीवर चढविला जातो. ही घाई काही वेळा बागेच्या मुळावर येते. म्हणून तणांचा बंदोबस्त कमी खर्चात, पण बागेस धोका न पोहोचविता कसा करावा, याचा विचार प्रत्येक बागाईतदाराने हंगामापूर्वीच करून ठेवणे आवश्यक आहे.

वर्षातून दोनदा उघडी पडणारी बाग

महाराष्ट्रातील द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहराची छाटणी. मांडवावर पाने दाट असतात तेव्हा जमिनीवर सावली पडते आणि सावलीत बहुतेक तणांची वाढ खुंटते. छाटणी झाली की मांडव मोकळा होतो, जमिनीवर ऊन पडते आणि दबून राहिलेले तण वर येते. वाय पद्धतीच्या बागेत दोन ओळींमधील जागेत ऊन अधिक काळ पोहोचत असल्यामुळे तेथे तणांचा जोर मांडवाच्या बागेपेक्षा जास्त राहतो.

या दोन मोसमांतील परिस्थिती मात्र सारखी नसते. खरड छाटणीनंतर उन्हाळ्याचे दिवस असतात. मधली जमीन कोरडी असते व तण मुख्यतः ठिबकच्या ओल्या पट्ट्यात उगवते. हाच पट्टा वेलीच्या अन्न घेणाऱ्या मुळ्यांचा असतो. याच काळात नव्या काड्यांवरील डोळ्यांत पुढील हंगामाची सूक्ष्म घडनिर्मिती होत असते. म्हणून या वेळी पट्ट्यातील तण थोडे दिसले तरी त्याचे नुकसान मोठे असते. ऑक्टोबरात याच्या उलट स्थिती असते. पावसाने जमीन सर्वत्र ओलसर, मांडव मोकळा, आणि मजूर मात्र छाटणीत व त्यापुढील कामांत गुंतलेले. अशा वेळी तण माजले की कोवळ्या फुटीभोवती हवा कोंदट राहते, दव लवकर वाळत नाही आणि केवड्यासारख्या रोगाला अनुकूल वातावरण तयार होते. काही तणांवर फुलकिडे व पिठ्या ढेकूण यांनाही आश्रय मिळतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तण काढावयास लागणे म्हणजे सर्वांत महाग वेळी काम हाती घेणे होय. तेच काम सप्टेंबरात, छाटणीपूर्वी उरकले तर मजूर मिळतात आणि छाटणीनंतरची फूट स्वच्छ जमिनीवर येते.

आधी तण ओळखावे

सर्व तणांना एकच उपाय लागू पडत नाही. खर्च वाचवावयाचा असेल तर बागेतील तणांचे दोन गट मनाशी पक्के करावेत.

पहिला गट बियांपासून उगवणाऱ्या तणांचा. माठ, घोळ, दुधी, गाजरगवत ही या गटातील नेहमीची तणे होत. यांचा वंश बियांवर चालतो. म्हणून फुलावर येण्यापूर्वी ती कापली किंवा उपटली तर पुढील वर्षाचा खर्च कमी होतो. गाजरगवताची पहिली नोंद भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि थोड्याच वर्षांत ते देशभर पसरले. त्याच्या एका रोपापासून हजारो बिया तयार होतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगास खाज येते व त्वचेचे विकार होतात. म्हणून ते उपटताना हातमोजे घालावेत, आणि बागेइतकेच लक्ष बांधावर व रस्त्याच्या कडेलाही द्यावे. केना हे तण बियांपासून उगवते खरे, परंतु त्याचे कापलेले तुकडे ओल मिळताच पुन्हा मुळ्या धरतात. म्हणून उपटलेला केना बागेतच न टाकता बाहेर नेऊन वाळवावा.

दुसरा गट बहुवर्षायु तणांचा. लव्हाळा, हरळी व कुंदा ही याची ठळक उदाहरणे. लव्हाळ्याचे बळ जमिनीतील गाठींत असते. वरची पाती खुरपून टाकली की गाठीतून पुन्हा पाती येतात, आणि गाठींची साखळी तोडली तर तुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होते. हरळीच्या पेरापेरावर मुळ्या फुटतात. लग्नकार्यात वंश हरळीसारखा वाढो असा आशीर्वाद देतात, तो या गुणामुळेच. अशा बागेत रोटर फिरविला की दोन दिवस जमीन स्वच्छ दिसते. परंतु गाठी व तुकडे साऱ्या बागेत पेरले जातात आणि महिनाभरात पहिल्यापेक्षा दाट तण उभे राहते. ज्या बागेत लव्हाळा व हरळी आहे, त्या बागेत रोटरचे भाडे देणे म्हणजे पदरच्या पैशाने तण पेरणे होय.

पट्ट्याचा हिशेब

स्वस्त तणनियंत्रणाचे खरे मर्म असे आहे की, सर्व बाग सारखी स्वच्छ ठेवण्याची गरज नसते. वेलीच्या ओळीखालचा पट्टा आणि दोन ओळींमधील रिकामी जागा या दोहोंचा विचार वेगवेगळा करावा. पट्टा स्वच्छ पाहिजे. मधली जागा ताब्यात असली म्हणजे पुरे.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एका एकरात ४३,५६० चौरस फूट जमीन असते. दोन ओळींत १० फूट अंतर असेल तर एकरात ओळींची एकूण लांबी ४,३५६ फूट भरते. वेलीच्या दोन्ही बाजूंस दीड-दीड फूट, म्हणजे एकूण ३ फूट रुंदीचा पट्टा धरला, तर त्याचे क्षेत्र १३,०६८ चौरस फूट होते. हे क्षेत्र एकराच्या फक्त ३० टक्के आहे. ओळींतील अंतर ९ फूट असल्यास हेच प्रमाण सुमारे ३३ टक्के येते.

समजा, संपूर्ण एकराची एक खुरपणी करावयास २० मजूर लागतात आणि वर्षातून चार खुरपण्या कराव्या लागतात. म्हणजे वर्षाला ८० मजुरांचा खर्च झाला. केवळ पट्टा खुरपावयाचा ठरविले तर क्षेत्राच्या प्रमाणात एका वेळी ६ व वर्षाला २४ मजूर पुरतील. पट्ट्यातील तण अधिक दाट असते, सबब प्रत्यक्षात हा आकडा थोडा वाढेल. मधली जागा कापण्याचा खर्चही त्यात मिळवावा लागेल. परंतु आपल्या गावचा मजुरीचा दर व कापणीचे भाडे घालून प्रत्येक बागाईतदाराने ही बेरीज-वजाबाकी करून पाहावी. बचत कोठे आहे ते त्यास आपोआप दिसून येईल.

मधल्या जागेचा उपयोग

मधल्या जागेतील गवत मुळापासून काढण्याऐवजी ते विळ्याने, ब्रश कटरने किंवा लहान ट्रॅक्टरला जोडलेल्या गवत कापणी यंत्राने दोन-तीन इंच उंचीवर कापावे. हे काम फुलोऱ्यापूर्वी करावे, म्हणजे बी तयार होत नाही. कापलेले गवत त्याच जागी न ठेवता वेलीच्या पट्ट्यावर ओढून टाकावे. ‘तण खाई धन’ या म्हणीला अलीकडे काही प्रयोगशील शेतकरी ‘तण देई धन’ असे उत्तर देतात, ते या अर्थाने. मात्र बी धरलेले तण, तसेच हरळी, लव्हाळा व केना यांना आच्छादनात जागा देऊ नये.

पावसाळ्यात या आखूड गवताचा आणखी एक उपयोग होतो. काळ्या जमिनीत चिखलामुळे फवारणीचा ट्रॅक्टर आत जाऊ शकत नाही आणि केवड्याच्या बंदोबस्ताची वेळ निघून जाते. मधली जागा गवताने धरून ठेवलेली असेल तर चाके रुतत नाहीत व माती वाहून जात नाही.

ज्या बागेत मधल्या जागेत ऊन पुरेसे पोहोचते, तेथे पावसाच्या सुरुवातीस ताग पेरता येतो. दाट ताग तणांना दडपून टाकतो. साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर येण्याच्या सुमारास तो कापून पट्ट्यावर पसरावा किंवा जमिनीत गाडावा. त्याने सेंद्रिय द्रव्य मिळते व नत्राची भर पडते. मात्र ताग वेळेवर न कापल्यास तोच तणासारखा उंच वाढतो, हवा कोंदट करतो आणि त्याचे देठ लाकडी बनतात. मांडवाच्या गर्द सावलीत ताग चांगला येत नाही. तेथे बियाण्यावर खर्च करू नये.

पट्ट्यावर आच्छादन

पट्ट्यासाठी सर्वांत सोपा व गावातच मिळणारा उपाय म्हणजे आच्छादन. द्राक्षाच्या बऱ्याच भागांत शेजारी ऊस असतो. एक एकर उसापासून साधारण ३ ते ४ टन पाचट निघते आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ते जाळले जाते. हेच पाचट वेलीच्या पट्ट्यावर तीन ते चार इंच जाडीचे पसरले तर बियांपासून येणारे तण बहुतांशी दबते, उन्हाळ्यात ओल टिकते व जमीन तापत नाही. पाचट न मिळाल्यास उसाचे चिपाड, सोयाबीनचा भुसा किंवा छाटणीच्या काड्यांचा बारीक चुरा वापरावा. रोगट काड्या मात्र आच्छादनात घेऊ नयेत.

आच्छादन करण्यापूर्वी पट्टा एकदा स्वच्छ खुरपून घ्यावा. उभ्या तणावर टाकलेले पाचट तणाला थांबवीत नाही. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, चार-सहा बोटे जागा मोकळी सोडावी. वाळवी व उंदीर यांवर नजर ठेवावी. ठिबकच्या तोट्या आच्छादनाखाली बंद पडल्या तर चटकन ध्यानात येत नाहीत, म्हणून त्या आठवड्यातून एकदा तपासाव्यात. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचटाजवळ विडी-काडीस सक्त मनाई असावी. कोरडे पाचट कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडकून राहते. तेव्हा वेलीची पाने फिकट दिसू लागल्यास नत्राच्या मात्रेचा विचार सल्ल्याने करावा.

लव्हाळा आच्छादनाने मरत नाही. त्याची टोकदार पाती पाचटच काय, प्लॅस्टिकचा पातळ कागदही भेदून वर येते. त्यासाठी उपाय एकच, त्याला दमविणे. पाती वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी, नव्या गाठी धरण्यापूर्वी, पाती कुदळीने गाठीसह उचलावीत. एका मोसमात तो संपणार नाही. परंतु जुन्या गाठीतील साठा दरवेळी खर्च होत गेला की त्याचा जोर उतरतो. मधेच एक पाळी चुकली तर मागचे श्रम वाया जातात. यासाठी संपूर्ण बागेत मजूर लावण्यापेक्षा जेथे लव्हाळा आहे ते तुकडे खुणा करून वेगळे सांभाळावेत.

नवीन लागवड करणाऱ्यास यापेक्षा चांगली संधी असते. लागवडीपूर्वीच्या उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी व काशा वर आणाव्यात, वेचून काढाव्यात व उरलेल्या कडक उन्हात तापू द्याव्यात. एकदा लोखंडी खांब व तारा उभ्या राहिल्या की ही संधी पुन्हा येत नाही. त्याचप्रमाणे कच्चे शेणखत टाकू नये. त्यातून तणाचे बी गाडीभर येते. चांगल्या तापलेल्या व पूर्ण कुजलेल्या खतात बहुतेक बी मरून जाते.

तणनाशक: स्वस्त दिसणारा महाग उपाय

तणनाशक वाईट आहे असे नाही. परंतु ते स्वस्त आहे की नाही, हे केवळ बाटलीच्या किमतीवरून ठरत नाही. द्राक्षवेल ही २,४-डी या तणनाशकाला अत्यंत नाजूक असलेल्या पिकांपैकी एक आहे. ऊस, गहू, मका, ज्वारी या पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी हे औषध वापरले जाते. त्याचे बारीक तुषार वाऱ्याने बांधापलीकडे जातात. त्याच्या एस्टर प्रकाराची तर उष्ण हवेत वाफही होते. असे थोडेसे औषध द्राक्षावर आले तरी कोवळी पाने अरुंद व पंख्यासारखी होतात, शिरा एकमेकींजवळ येतात, कडा टोकदार दातेरी दिसतात, शेंडे वाकतात. फुलोऱ्याच्या वेळी हा प्रकार घडला तर घड गळतात किंवा मणी बारीक राहतात. वर्षभराचा खर्च झालेली बाग एका सकाळच्या फवारणीने हातची जाऊ शकते.

पुष्कळदा हा दोष शेजाऱ्याचा नसून स्वतःच्याच पंपाचा असतो. उसात तणनाशक मारलेला पंप वरवर धुऊन द्राक्षावर बुरशीनाशक फवारले जाते, आणि टाकीत, नळीत व गाळणीत राहिलेला अंश वेलीवर जातो. म्हणून तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा, त्याला ठळक रंग द्यावा आणि तो द्राक्षाच्या औषधांच्या खोलीत ठेवू नये.

बागेत तणनाशक वापरावयाचे झाल्यास बाटलीवरील लेबलात द्राक्ष पिकाची नोंद असेल तरच ते घ्यावे. ग्लायफोसेटचा वापर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मधील अधिसूचनेद्वारे केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला होता. ही गोष्ट दुकानातून बाटली उचलण्यापूर्वी ध्यानात घ्यावी. असे आंतरप्रवाही औषध कोवळ्या हिरव्या खोडावर किंवा बुंध्याजवळच्या फुटव्यावर पडले तर वेलीत शिरते. डॉगरिजसारख्या खुंटाला जमिनीलगत फुटवे येतात. ते फवारणीपूर्वी काढून टाकावेत. पॅराक्वाट हे केवळ लागलेला हिरवा भाग जाळते. लव्हाळ्याच्या गाठी त्याने मरत नाहीत. शिवाय ते माणसास अत्यंत विषारी असून पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. कोणतेही तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवण्याची चूक कोणीही करू नये.

मात्रेतही हिशेब पाहावा. लेबलावरील मात्रा हेक्टरी असते, ती प्रत्यक्ष फवारलेल्या क्षेत्राची. वर दाखविल्याप्रमाणे एक एकर बागेतील ३ फुटांचा पट्टा हेक्टरच्या सुमारे आठव्या भागाएवढा भरतो. तेव्हा औषधही त्याच प्रमाणात लागते. एकराची पूर्ण मात्रा पट्ट्यावर ओतणे म्हणजे तिपटीहून अधिक औषध देणे होय. फवारणी वारा शांत असताना, कमी दाबाने, नोझलवर टोपण लावून व स्वच्छ पाण्यात करावी. निर्यातीच्या बागेत औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी होते. म्हणून प्रत्येक फवारणीची तारीख व मात्रा नोंदवहीत लिहून ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

वाऱ्याला बांध नसतो. द्राक्ष बागाईतदार व ऊस उत्पादक यांनी एकत्र बसून ठरविल्याशिवाय २,४-डीचा धोका टळणार नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने छाटणीच्या महिनाभर आधी अशी बैठक बोलवावी. कोणत्या बांधालगत द्राक्षे आहेत याचा साधा नकाशा काढावा. त्या शेतात खुरपणी, कोळपणी किंवा पाचट आच्छादन करण्याचे उसवाल्यास सुचवावे. बागाईतदाराने त्याचे पाचट विकत घेतल्यास त्या शेजाऱ्यालाही चार पैसे मिळतात व भांडणाचे कारण उरत नाही. दोन शेजाऱ्यांचा हा व्यवहार कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त आहे.

याशिवाय गावातील एका बागेत दोन ओळी नेहमीच्या पद्धतीने व दोन ओळी पट्टा पद्धतीने ठेवून मजूर, कापणी व पाणी यांची वर्षभर नोंद करावी. गावाच्या जमिनीवर, गावाच्या मजुरीदराने निघालेला आकडा शेतकऱ्यास लवकर पटतो.

सारांश, एप्रिलच्या छाटणीनंतर पट्टा खुरपून आच्छादन करावे. पावसाळ्यात मधले गवत फुलण्यापूर्वी कापीत राहावे. सप्टेंबरात बाग एकदा पूर्ण स्वच्छ करून मगच ऑक्टोबरच्या छाटणीस हात घालावा. लव्हाळ्याची पाळी चुकवू नये. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. बागेत एकही तण नसावे हा आग्रह खर्चिक आहे. वेलीच्या तोंडचा घास तणाने घेऊ नये एवढे साधले म्हणजे बागाईतदाराचे काम झाले.